प्लंबिंग कॉन्ट्रॅक्टरच्या इन्शुरन्सचा कागद: सांगलीतल्या एका सोसायटीचं प्रकरण

हे प्रकरण 2025 च्या उन्हाळ्यातलं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं घेतलेली नाहीत आणि एकदोन तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं लिहितोय. मी त्या सोसायटीत राहत नाही, इन्शुरन्स क्लेमच्या कामात असल्यामुळे मला कागद बघायला बोलावलं होतं. सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडं आता बऱ्याच सोसायट्या "इन्शुरन्स आहे का?" एवढं विचारायला लागल्यात, ते चांगलंच आहे, पण समोरून कागद आला की तो न वाचता फाईलला लागतो आणि तिथंच सगळा घोळ होतो.

पार्श्वभूमी

विश्रामबाग भागातली सोसायटी. खाली पार्किंग, वर 5 मजले, 36 फ्लॅट, बांधकाम 2002 च्या आसपासचं. गच्चीवरच्या टाकीपासून खाली येणाऱ्या सगळ्या लाईनी जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपच्या, आतून गंजून निम्म्या बुजलेल्या, वरच्या मजल्यांना गीझरपुरतं पण प्रेशर नाही आणि डक्टमध्ये, म्हणजे पाईप जिथून खाली येतात त्या उभ्या मोकळ्या पोकळीत, कुठं ना कुठं कायम गळती. जनरल बॉडीत ठरलं की ठिगळं लावणं बंद, सगळ्या लाईनी काढून सीपीव्हीसीची प्लास्टिक पाईप टाकायची, व्हॉल्व नवीन, गच्चीवरचं मेन हेडर, म्हणजे सगळ्या लाईनी जिथून फुटतात तो पाईप, पण नवीन.

तीन कोटेशन आली. सगळ्यात कमी 12.90 लाखांचं, ते एका स्थानिक कॉन्ट्रॅक्टरचं, वीसेक वर्षं हेच काम करणारा, माणूस सचोटीचा, आजूबाजूच्या चारपाच बिल्डिंगमध्ये त्याचं काम बघून लोक खूश. दुसरं 13.40 लाख. तिसरं पुण्याच्या फर्मचं 17 लाखांच्या वर. कमिटीचा कल अर्थातच पहिल्याकडं होता.

चेअरमन बँकेतून रिटायर झालेले आणि सेक्रेटरी मॅडम शाळेत शिक्षिका. मॅडमनी वर्क ऑर्डर देण्याआधी एक अट घातली, की कामावरच्या माणसांचा आणि बिल्डिंगच्या नुकसानीचा इन्शुरन्स असल्याचा पुरावा द्या. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "देतो की मॅडम, उद्याच पाठवतो." दुसऱ्या दिवशी खरंच व्हॉट्सॲपवर पाच फाईल आल्या.

अडचण कुठं होती

त्या पाच फाईल एकेक करून सांगतो, कारण हेच कागद थोड्याफार फरकानं सगळीकडं दाखवले जातात.

पहिला कागद महापालिकेचं प्लंबर लायसन्स. नळजोडणीचं काम करायची परवानगी आहे एवढंच त्यातून कळतं, इन्शुरन्सशी त्याचा संबंध नाही.

दुसरी त्याच्या दुकानाची पॉलिसी. आग, चोरी, आणि आत एका ओळीत "कर्मचारी 2". ते दोघं दुकानात, दुकानाच्या पत्त्यावर काम करताना. तुमच्या चौथ्या मजल्याच्या डक्टमध्ये लटकून पाईप कापणारा माणूस त्यात बसत नाही.

तिसरा बँकेचा मेसेज, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे 20 रुपये कापल्याचा. ही योजना चांगली आहे आणि प्रत्येकानं घ्यावीच, वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूला 2 लाख आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर 1 लाख मिळतात. पण ती ज्याचं खातं त्याच्यापुरती असते, आणि मालक म्हणून कामगाराला द्यायची जी कायदेशीर भरपाई आहे ती यानं सुटत नाही.

चौथा 500 रुपयांच्या बाँडवर कामगारांच्या सह्या आणि अंगठे, "कामावर काही इजा झाल्यास आमची आम्ही जबाबदारी घेऊ, मालक किंवा सोसायटीकडं काही मागणार नाही." हा कागद बघून कमिटीतल्या दोघातिघांना एकदम निर्धास्त वाटलं होतं. पण तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम 17 सरळ सांगतं की कामगारानं भरपाईचा हक्क सोडल्याचा असा करार त्या बाबतीत रद्दबातल. म्हणजे हक्क सोडून देण्यापुरती त्या बाँडला शून्य किंमत आहे. आणि मला स्वतःला हा कागद फार लागतो, कारण सही करणाऱ्या पोराला आपण काय लिहून देतोय हे कुणी नीट सांगितलेलं नसतं.

पाचवा कागद मात्र खरा होता. कामगारांच्या भरपाईची पॉलिसी, ज्याला सगळे अजून डब्ल्यूसी पॉलिसीच म्हणतात. मॅडमना वाटलं झालं काम. मग मी ती वाचली. कामाची जागा: कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडचा पत्ता. कामाचं वर्णन: तळमजल्यावरचं पाईपकाम. कामगार: 3. महिना पगार: प्रत्येकी 8,000. मुदत: मार्चअखेर संपणारी, आणि आपलं काम एप्रिलमध्ये चालू होणार.

म्हणजे पॉलिसी खोटी नव्हती, एजंट खोटा नव्हता, कॉन्ट्रॅक्टरनं फसवायचा प्रयत्न केला असंही मी म्हणणार नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं आजपर्यंत. पण या बिल्डिंगमध्ये उद्या काही झालं असतं तर त्या कागदातून एक रुपया मिळाला नसता.

पगाराच्या आकड्यावर जरा थांबतो, कारण हे नेहमी निसटतं. भरपाई काढताना महिन्याचा पगार किती धरायचा याला सरकारनं कमाल मर्यादा ठरवलेली असते. 2010 पासून ती 8,000 होती आणि 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेनं 15,000 झाली. खूप एजंटांच्या फॉर्मवर अजून तोच जुना 8,000 चा आकडा फिरतोय. आता हिशोब बघा. 30 वर्षांचा मिस्त्री, काम करताना मृत्यू झाला, तर पगाराच्या 50 टक्के गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणक. 30 वर्षांना गुणक 207.98. म्हणजे 15,000 धरले तर 7,500 गुणिले 207.98, होतात 15,59,850 रुपये. 8,000 धरले तर 8,31,920. मधले सव्वासात लाख कुणी द्यायचे? कायदा मालकाकडं बघणार आणि कंपनी म्हणणार तुम्ही पगारच कमी दाखवला होता. या कामात मिस्त्रीला 800 आणि हेल्परला 500 हजेरी होती, महिन्याला 26 दिवस धरले तर मिस्त्रीचे 20,800 आणि हेल्परचे 13,000, म्हणजे 8,000 हा आकडा हेल्परला पण लागू नव्हता.

आणि "हे तर रोजंदारीवरचे, कायम कामगार थोडेच आहेत" असं कुणी म्हणत असेल तर तेही चालत नाही. तात्पुरत्या कामावरच्या माणसाला कायद्याबाहेर ठेवणारी तरतूद 2000 च्या दुरुस्तीत काढून टाकली.

सोसायटीची जबाबदारी नक्की किती

मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वाद यावरच झाला. एक सभासद म्हणाले की माणसं कॉन्ट्रॅक्टरची, पडली तर त्याची जबाबदारी, आपला काय संबंध. दुसरे म्हणाले की त्याच 1923 च्या कायद्याच्या कलम 12 खाली मुख्य मालक म्हणून सोसायटीच अडकते. दोघांचंही अर्धं बरोबर होतं.

कलम 12 असं आहे की एखाद्यानं आपल्या धंद्याचा नेहमीचा भाग असलेलं काम कॉन्ट्रॅक्टरला दिलं तर कॉन्ट्रॅक्टरच्या कामगाराला भरपाई द्यायची वेळ त्याच्यावरही येते, मग त्यानं ती कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करायची. बिल्डरला हे थेट लागू पडतं कारण बांधकाम हाच त्याचा धंदा. हाऊसिंग सोसायटीचा धंदा काही प्लंबिंग नाही, त्यामुळे सोसायटीला वाद घालायला जागा आहे. पण वाद घालायला जागा आहे याचा अर्थ केस होणार नाही असा नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या खिशात पैसे नसतील तर वारस सोसायटीचंही नाव घालणारच, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही घातलं असतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. खजिनदारांची सूचना होती की माल आपण आणू, फक्त मजुरीवर माणसं लावू, लाखभर तरी वाचतील. हे केलं असतं तर सोसायटी थेट मालक झाली असती आणि कलम 12 पर्यंत जायची गरजच उरली नसती. काम कॉन्ट्रॅक्टवर आहे की हजेरीवर यानं जबाबदारी कुणाकडं जाते ते ठरतं, हे त्या मीटिंगमधल्या बहुतेकांना पहिल्यांदाच कळलं.

समोर काय काय पर्याय होते

बाँड घेऊन काम चालू करायचं, हा एक. वेळ वाचला असता आणि पैसा पण. तो वर सांगितलेल्या कारणानं बाद.

मजुरीवर करून घ्यायचं, तेही बाद.

पुण्याची फर्म घ्यायची. त्यांच्याकडं वर्षभराच्या पॉलिसी होत्या, कागद व्यवस्थित. पण फरक चार लाखांच्या वर, आणि 36 घरांवर तो वाटला तर काही घरांना जड जाणार होता, पेन्शनवर राहणारे बरेच आहेत तिथं. शिवाय नंतर एखादा जोड गळला तर पुण्याहून माणूस कधी येणार हाही प्रश्न.

सोसायटीनंच इन्शुरन्स काढायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण कामगारांच्या भरपाईची पॉलिसी मालकानं काढायची असते, आणि इथं मालक कॉन्ट्रॅक्टर होता. सोसायटीनं स्वतःच्या नावावर काढली असती तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न आला असता की हे तुमचे कामगार आहेत का. कामाची आणि बिल्डिंगची जी दुसरी पॉलिसी असते, कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, ती मात्र दोघांच्या नावानं निघू शकते.

शेवटचा पर्याय, त्याच कॉन्ट्रॅक्टरला या कामापुरत्या नवीन पॉलिसी काढायला लावायच्या. यावर तो जे बोलला ते मला फार महत्त्वाचं वाटलं. तो म्हणाला, "मॅडम, मी इन्शुरन्स धरून रेट लावला की काम दुसऱ्याला जातंय. न लावता तुम्हाला कागद पायजे म्हटल्यावर मी कुठनं आणू?"

खरं आहे त्याचं. आपण कोटेशन मागवताना इन्शुरन्सचा शब्द काढत नाही, सगळ्यात स्वस्त माणूस निवडतो, आणि मग त्याच्याकडून फुकटात पुरावा मागतो. मग तो बिचारा जो कागद घरात सापडेल तो पाठवतो.

काय ठरलं आणि कसं केलं

ठरलं असं की इन्शुरन्सचा खर्च कोटेशनमधून वेगळा काढायचा, पावतीप्रमाणे सोसायटीनं द्यायचा, रेटमध्ये घुसडायचा नाही. दुसऱ्या कोटेशनवाल्यालाही हेच विचारलं म्हणजे तुलना सारखी झाली. दोन सभासदांनी "त्याचा इन्शुरन्स आपण का भरायचा" म्हणून लेखी विरोध नोंदवला, त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, कारण वरवर बघता तो त्याच्या धंद्याचा खर्च आहे. पण रेटमध्ये धरला असता तरी तो शेवटी आपणच भरणार होतो, फक्त दिसला नसता. दोन्ही पॉलिसी मिळून खर्च 20,000 च्या आत बसला.

पहिली पॉलिसी कामगारांची. नावावर कॉन्ट्रॅक्टर, जागा म्हणून सोसायटीचा पूर्ण पत्ता, वर्णनात "निवासी इमारतीत 5 मजल्यांपर्यंत उंचीवर व डक्टमध्ये पाईप काढणे व बसवणे" असं स्पष्ट लिहून घेतलं. मिस्त्री 2, हेल्पर 4, पगार खरे. आणि दवाखान्याच्या खर्चाचं जादा कव्हर माणशी 50,000 पर्यंत. हे जादा कव्हर मागितल्याशिवाय बऱ्याचदा मिळत नाही, आणि कायद्यानं तर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचाच असतो.

दुसरी ऑल रिस्क. इथं एक गोष्ट जवळजवळ सुटली होती. या पॉलिसीत कामाचं नुकसान आणि तिसऱ्या व्यक्तीचं नुकसान असे दोन भाग असतात. सोसायटीचं नाव पॉलिसीत घातलं की सोसायटीची बिल्डिंग ही तिसऱ्याची मालमत्ता राहत नाही, ती विमा घेणाऱ्याचीच होते, आणि मग भिंत, टाईल्स, सीलिंग भिजलं तर कंपनी म्हणू शकते की हे तिसऱ्याचं नुकसान नाही. म्हणून मालकाच्या आजूबाजूच्या मालमत्तेचं वेगळं कव्हर मागून घ्यावं लागतं. ते 10 लाखांचं घेतलं आणि सभासदांच्या घरातलं सामान तिसऱ्याचं धरायचं हेही लिहून घेतलं. पहिल्या विमा ऑफिसनं लोक राहत असलेल्या बिल्डिंगचं काम म्हणून नकार दिला, दुसऱ्यानं घेतलं. प्रत्येक घटनेला पहिले 10,000 आपले, ही अट होती.

पुरावा म्हणून काय स्वीकारायचं हेही ठरवलं. व्हॉट्सॲपवरची फाईल चालेल, पण पॉलिसीवर छापलेल्या ऑफिसच्या नंबरला फोन करून खात्री करायची, एजंटच्या मोबाईलला नाही. प्रीमियम ऑनलाईन भरायचा आणि पावती जोडायची, कारण 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 64व्हीबी प्रमाणे प्रीमियम जमा झाल्याशिवाय जोखीम चालू होत नाही, चेक परत गेला तर हातात छापील पॉलिसी असून उपयोग नाही. हजेरीची वही गेटवर वॉचमनकडं, रोज सकाळी नाव आणि सही.

कामाच्या यादीतली एक बाब आम्ही पूर्ण काढून टाकली. "सेप्टिक टँकचा चोकअप काढणे" असं शेवटच्या ओळीत होतं आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणाला पोरगं उतरंल आत, अर्ध्या तासाचं काम. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे, सुप्रीम कोर्टानं 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. पण इथं भरपाईचा विचार करायचाच नाही. कुठल्याही पॉलिसीनं हे काम योग्य होत नाही. सक्शन मशीनची गाडी बोलावली, संपलं. चेअरमन यावर एक मिनिटही अडले नाहीत, त्यांचं मला कौतुक वाटतं.

मग प्रत्यक्ष काय झालं

काम एप्रिलमध्ये चालू झालं. दुसऱ्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरनं पाईप वर चढवायला अजून दोन हेल्पर आणले, "दोनच दिवसापुरते". मॅडमनी गेटवर थांबवलं आणि माणसं वाढल्याचं पॉलिसीवर चढवून आणा म्हणाल्या. अर्धा दिवस गेला, थोडा प्रीमियम वाढला, कॉन्ट्रॅक्टर वैतागला, कमिटीतल्याच एकानं मॅडमना "जरा जास्तच करताय" असं सुनावलं.

पुढच्याच दिवशी त्या दोघांतला एक, जत तालुक्यातला पोरगा, डक्टमध्ये शिडी सरकून सात-आठ फुटांवरून खाली आला. डोकं वाचलं, मनगटाचं हाड मोडलं. मिरजेला हाडाच्या डॉक्टरकडं नेलं, प्लेट टाकावी लागली, बिल 38,000 झालं. ते दवाखान्याच्या कव्हरमधून पूर्ण मिळालं. क्लेमसाठी कंपनीनं काय मागितलं? त्या दिवशीची हजेरी, पॉलिसीवरची कामगारांची संख्या आणि दोन्ही जुळतंय का ते. आदल्या दिवशी संख्या वाढवली नसती तर हजेरीत 6 हेल्पर आणि पॉलिसीत 4 असं दिसलं असतं, आणि तो त्या चारांतला होता की नव्हता यावर महिनेच्या महिने गेले असते.

काम बंद राहिल्याबद्दल तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई कायद्यानं दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के. 13,000 चे 3,250. अपंगत्व 28 दिवस किंवा जास्त असेल तर ती पहिल्या दिवसापासून धरतात. त्याचे सहा आठवडे गेले, तीन हप्ते मिळून 9,750 आले. सुरक्षा विमा योजनेतून त्याला काही मिळालं नसतं कारण तिथं फ्रॅक्चर बसत नाही. बांधकाम कामगार कल्याण मंडळात त्याची नोंदणीच नव्हती, त्यासाठी मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो त्याला कधी कुणी दिला नव्हता. कॉन्ट्रॅक्टरनं नंतर सगळ्यांचे दाखले करून दिले.

दुसरी घटना मे महिन्यात. एका विंगच्या नवीन लाईनचे शेवटचे जोड संध्याकाळी चिकटवले होते, सॉल्व्हंट सिमेंट वाळायला वेळ हवा म्हणून व्हॉल्व बंद होता. पहाटे महापालिकेचं पाणी आलं, टाकी भरली, वरच्या घरातनं पाणी नाही म्हणून फोन आला आणि वॉचमननं नेहमीच्या सवयीनं व्हॉल्व सोडला. तिसऱ्या मजल्याजवळचा जोड सुटला. खालच्या फ्लॅटचं पीओपी सीलिंग, वॉर्डरोब, गादी, टीव्ही, सगळं भिजलं. घरातले लग्नाला बाहेरगावी गेलेले, सकाळपर्यंत पाणी चालू.

त्यांनी मागणी केली 1,60,000 ची. सर्व्हेअर आला, घसारा वजा करून 1,08,000 धरले, त्यातले 10,000 आपले, म्हणून 98,000 कंपनीनं दिले, साधारण अडीच महिन्यांनी. सुटलेला जोड परत करायचा खर्च मिळाला नाही, सदोष कामाची दुरुस्ती पॉलिसीत नसतेच. ती कॉन्ट्रॅक्टरनं स्वतः केली.

कुठं वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे काम चालू होण्याआधी घराघरातले फोटो काढले नव्हते. सर्व्हेअरचं म्हणणं पडलं की सीलिंगला आधीपासून ओल होती. डक्टला लागून असलेली खोली, जुनी गळती, त्यामुळे ते नाकारणं अवघड गेलं आणि तिथं बरीच रक्कम कापली गेली. प्रत्येक फ्लॅटच्या बाथरूम, किचन आणि डक्टकडच्या भिंतीचे तारखेसकट फोटो, मोबाईलवर तासाभराचं काम होतं.

ते 10,000 कुणी भरायचे हे वर्क ऑर्डरमध्ये नव्हतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणे व्हॉल्व वॉचमननं सोडला, सोसायटी म्हणे व्हॉल्वला कुलूप लावायला हवं होतं. निम्मे-निम्मे झाले, पण त्यासाठी दोन मीटिंगा गेल्या आणि मनं दुखावली. एक ओळ आधी लिहिली असती तर हे टळलं असतं. आणि काम चालू असताना व्हॉल्वची किल्ली मिस्त्रीकडंच ठेवायची हे इन्शुरन्सच्याही आधीचं आहे.

कोअर कटिंगवाला. स्लॅबला भोकं पाडायला कॉन्ट्रॅक्टरनं बाहेरून मशीनवाला आणला, स्वतःची मशीन, स्वतःचा माणूस. तो कॉन्ट्रॅक्टरच्या पॉलिसीत नव्हता. हे तो येऊन उभा राहिल्यावर लक्षात आलं, त्या दिवशी त्याला परत पाठवलं आणि त्याची माणसं पॉलिसीत चढवून मग काम केलं. पोटकंत्राटदार कोण कोण येणार हे पहिल्याच दिवशी विचारायचं असतं.

मुदतीचंही तसंच. पॉलिसी तीन महिन्यांची होती. मेमध्ये लग्नं, गावच्या जत्रा, माणसं गावाकडं गेली आणि काम लांबलं. संपायच्या दोन दिवस आधी चेअरमननी कॅलेंडर बघितलं म्हणून मुदत वाढवली गेली. किरकोळ राहिलेली कामं, एखादा जोड घट्ट करणं, टाकीवर चढून फ्लोट बदलणं, हीच बहुतेक मुदत संपल्यावर होतात आणि माणूस तेव्हाही पडू शकतो. कामाच्या अंदाजापेक्षा महिनाभर जास्तीची मुदत घ्यायला हवी होती.

आणि त्या पोराच्या हजेरीबद्दल. कायद्याप्रमाणे त्याला जे मिळायचं ते मिळालं, पण महिन्याला 13,000 कमावणाऱ्याला 6,500 च्या हिशोबानं मिळाले, घरी आई आणि लहान बहीण. कॉन्ट्रॅक्टरनं स्वतःहून थोडे दिले. माझं मत असं की अशा कामाला आठवड्याला ठराविक रक्कम देणारं अपघात विम्याचं छोटं कव्हर जोडलं पाहिजे, खर्च फार येत नाही. सोसायटीनं तेव्हा ते घेतलं नाही कारण यादीत कुणी मांडलंच नाही, आणि मांडलं असतं तर मंजूर झालं असतं असं मला तिथल्या लोकांकडं बघून वाटतं.

कायद्याबद्दल एक लक्षात ठेवा. हे प्रकरण 1923 च्या कायद्याखालचं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता 2020 लागू झाली आणि तो कायदा तिच्यात गेला, त्यामुळे आता नवीन पॉलिसी काढताना तिच्यावर कोणत्या कायद्याचं नाव आहे ते विमा ऑफिसकडून तपासून घ्या, जुन्या फॉर्मवर सही करू नका. ज्या कॉन्ट्रॅक्टरकडं 10 किंवा जास्त माणसं आहेत त्याच्याकडं ईएसआयसीची, म्हणजे सरकारी कामगार विमा महामंडळाची, नोंदणी पण विचारा, कारण ईएसआयसीत असलेल्या कामगाराला भरपाई तिकडून मिळते आणि मग पॉलिसीचं गणित बदलतं.

त्या सोसायटीत आता बाहेरून रंगकाम करायचं चाललंय. कोटेशनच्या फॉर्मवर इन्शुरन्सच्या प्रीमियमची ओळ वेगळी छापली आहे, तिच्याखाली माणसं किती, खरा पगार किती, झुल्यावर काम आहे की नाही आणि बाहेरचं कोण येणार हे भरायला जागा. तीन पेंटरपैकी दोघांनी ती ओळ भरून दिली. तिसऱ्यानं रिकामी सोडली, तर मॅडमनी त्याला फोन करून परत बोलावलं आणि शेजारी बसून भरून घेतली.